उपवासकाळाआधीचा कोट

“कोट झकास आहे. आत माणूस दिसला की मला सांगा.”

मांडवात माझ्या मागच्या रांगेत बसलेली कतरीनमावशी बाजूच्या बाईला म्हणाली आणि अख्खी रांग हसली. कतरीनमावशी आमची शेजारीण. तोंडाची फटकळ, पण मनात काही नसतं, असं आई तेव्हा तिच्याबद्दल म्हणायची. चुलतबहिणीचं लग्न होतं, नाताळनंतरचा पहिलाच रविवार. माझा भाऊ इनास, म्हणजे माझा दादा, बाबांचा कोट घालून पाहुण्यांना केकच्या बशा देत होता. बाबा रुंद आणि बुटके. दादा सहा फूट एक इंच आणि काडीसारखा. कोटाचे खांदे त्याच्या खांद्यांपुढे चार बोटं जाऊन खाली पडले होते आणि बाह्या मनगटाच्या बऱ्याच आधी संपल्या होत्या. मावशीचं बोलणं त्याने ऐकलं. तिच्या हातात बशी देताना वाकून म्हणाला, “मीपण शोधतोय, मावशी. सापडला की आधी तुलाच सांगतो.” रांग आणखी हसली. मी हसले नाही. बशी दिल्यावर त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि तिथे, कोणाला दिसणार नाही अशा बेताने, एक बाही ओढून मनगटापर्यंत आणायची धडपड करत राहिला. मी ते बघत होते.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. बघणं मला चांगलं जमायचं.

आता पुन्हा तोच हंगाम आलाय. आमच्याकडे लग्नांचा हंगाम फार अरुंद असतो. नाताळ संपला की तो सुरू होतो आणि राखेच्या बुधवारी उपवासकाळ लागला की मिटतो. मग ईस्टरपर्यंत कोणाच्या दारात मांडव नाही. त्यामुळे या पाच-सहा आठवड्यांत सगळ्या गावाची घाई चाललेली असते. सकाळी केळीच्या पानांवरून दव टपटपत असतं आणि अंगणात मांडवाच्या खांबांसाठी खणलेल्या खड्ड्यांची ओली माती दिसते. घरोघरी वालाच्या शेंगा शिजतात. दुपारी कुठेतरी एखादा बँडवाला एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवून बघतो आणि त्याच जागी चुकतो. कोळशाच्या इस्त्रीखाली ओलसर कापडाचा वास येतो. 

यंदाच्या हंगामात माझंही नाव आहे. लग्नाआधी तीन रविवार देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नावं वाचतात. फादर दोन्हीकडचं नाव, गाव, आईबापांची नावं वाचतात आणि शेवटी म्हणतात की या विवाहात काही अडचण आहे असं कोणाला ठाऊक असेल तर त्याने ते कळवावं. दोन रविवार झाले. देवळात कोणी खोकलंसुद्धा नाही. दादा पुरुषांच्या बाजूला, शेवटून दुसऱ्या बाकावर होता. बसलेला असला तरी त्याचं डोकं इतरांच्या वर दिसतं. मी समोर बघत बसले होते आणि मनात एकच विचार होता. ज्याला अडचण ठाऊक आहे त्याने बोलावं, असं देवळात तीन तीन वेळा सांगतात. ज्याला एखाद्याचं चांगलं ठाऊक आहे त्याने उठून ते सांगावं, असं मात्र कोणी कधी सांगत नाही.

दादाची एक गोष्ट मी सात वर्षं स्वतःजवळ ठेवली होती. बाबा आता नाहीत. वेदीपर्यंत मला दादाच घेऊन जाणार आहे. त्याने माझा हात धरण्याआधी ती त्याला सांगायची होती.

बारीक माणसाला सगळं गाव कपडे शिकवतं. कोणी म्हणायचं ढगळ शिव, कोणी म्हणायचं आत दोन गंजीफ्राक घाल, कोणी म्हणायचं आडव्या रेघांचं कापड घे. नारळ पाडायच्या आकडीपासून विजेच्या खांबापर्यंत गावात जे जे उभं आणि बारीक होतं त्या सगळ्यांची नावं त्याला एकदा तरी मिळाली होती. दादा स्टेशनजवळच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. घरी आला की जेवणाच्या टेबलावर ट्रेसिंग पेपर पसरायचा आणि यंत्राचा भाग काढावा तसं स्वतःचं शरीर काढायचा: समोरून, बाजूने, पाठीमागून. मग त्यावर एकेक सल्ला चढवून बघायचा. दोन गंजीफ्राकांनी छाती भरत नाही, फक्त घाम येतो. आडव्या रेघा घातल्या की माणूस शिडी दिसतो. त्या वेळी लांब कानांच्या कॉलरची फॅशन होती. तिच्यात त्याची मान देठासारखी दिसायची. बेलबॉटम पँटमध्ये पाय झेंड्याच्या काठ्या व्हायचे.

“बारीक माणूस लपायला गेला की जास्त दिसतो,” तो मला समजावायचा. “ढगळ शर्टात वारा शिरला की आत जागा रिकामी आहे हे सगळ्यांना कळतं. कापडाने अंगाजवळ राहायला हवं. चिकटायचं नाही. जवळ राहायचं.”

त्याप्रमाणे त्याने हळूहळू सगळं बदललं. कॉलर लहान केली. कापड जाड विणीचं, फिक्या रंगाचं घेऊ लागला. छातीवर झाकणीचे दोन खिसे. पूर्ण बाही, दोनदाच दुमडून कोपराच्या जरा खाली थांबवलेली, म्हणजे मनगटाच्या हाडाकडे लक्ष जात नाही. पट्ट्याला खिळा तापवून तो स्वतः भोकं पाडायचा. घड्याळ मनगटावर फिरून तबकडी खाली जायची, म्हणून त्याने आतून चामड्याचा तुकडा शिवून घेतला होता. यात मिरवणं नव्हतं. सकाळी घराबाहेर पडताना त्याला एवढंच हवं असायचं, की समोरच्या माणसाने आधी त्याचा चेहरा बघावा.

फक्त कोट राहिला होता. चुलतबहिणीच्या लग्नातून परत येताना तो म्हणाला की आता कोटही माझा मी काढणार.

कोट पेद्रू टेलर शिवायचा. नंदाखाल गावाच्या वाटेवर त्याचं दुकान होतं. हंगामात त्याच्याकडे इतकी गर्दी व्हायची, की सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत कापड द्यायचं, त्यानंतर दिलं तर कोट ईस्टरनंतर, असा त्याचा नियम होता. त्यामुळे ज्यांच्या घरी बोलणी चालू असायची ते शब्द पक्का व्हायच्या आधीच कापड देऊन टाकायचे. आमच्याकडेही बोलणी चालू होती. नंदाखालच्या शाळेत शिकवणारी रेजिना. दोघांनी एकमेकांना दोनदा पाहिलं होतं, आणि दुसऱ्या वेळी ती दादाच्या कुठल्याशा बोलण्यावर तोंडाला रुमाल लावून हसली होती. तो रुमाल दादाने मला किती वेळा वर्णन करून सांगितला असेल. तीन राजांच्या आदल्या दिवशी त्याने पेद्रूला कापड दिलं. करड्या रंगाचं टेरीवूल, हाताला थोडं खरखरीत लागणारं. कापडासोबत घडी केलेला ट्रेसिंग पेपर.

पेद्रूने तो न उघडता मशिनखाली ठेवला. पहिल्या ट्रायलला मी दादाबरोबर गेले होते. पेद्रूने खांद्यांत सवयीप्रमाणे कापूस भरला होता आणि दादा कपाट पाठीवर घेऊन निघाल्यासारखा दिसत होता. दादाने खाली वाकून कागद काढला आणि कात्रीशेजारी पसरला.

“कागदावर मानूस उभा राहत नाय, इनास,” पेद्रू म्हणाला. “तुझ्या बापाचा कोट मीच शिवलाय.”

“म्हणूनच तर,” दादा म्हणाला.

 पेद्रूने दादाभोवती दोन फेऱ्या मारल्या, कच्चे टाके दातांनी तोडले आणि खांद्यांतला कापूस काढून जमिनीवर टाकला. पाठीतली शिवण चिमटीत धरून आत घेतली. बाही खडूने अर्धा इंच पुढे नेली. मग मागे सरून म्हणाला, “आता नीट उभा रा. वाकतोस म्हनून कोट पडतो. कापडाचा काय दोष नाय.”

दादा सरळ उभा राहिला. दारांच्या चौकटींखालून आणि लोकांच्या बोलण्याखालून जाता जाता त्याला वाकून राहायची सवय लागली होती. त्याची खरी उंची मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तो देखणा होता. हे मी त्याला सांगितलं नाही. मला वाटलं, माझ्या चेहऱ्यावरून कळलं असेल.

त्या संध्याकाळी तो मला सायकलवर मागे बसवून राजोडीला समुद्रावर घेऊन गेला. ओहोटी होती. वाळत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांपलीकडे ओल्या वाळूवर तो सरळ चालायचा सराव करत होता, आणि मासे उलटणाऱ्या बायका त्याच्याकडे बघून आपसांत काहीतरी बोलत हसत होत्या. सूर्य खाली आल्यावर त्याची सावली पार सुरूच्या झाडांपर्यंत गेली. तो थांबला. “बघ. सावलीपेक्षा मी बराच भरलेला आहे.” मग सायकलचा हँडल धरून, माझ्याकडे न बघता त्याने विचारलं की तिला आवडेल ना असा कोट. मी मान हलवली.

मी कमी बोलायचे. सहाव्या वर्षापासून, आदल्या वर्षी शाळा संपेपर्यंत, मी शहरातल्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात होते; तोवर घर म्हणजे सुट्टी. शाळेत इंग्रजी, आणि घरी आमच्या वाड्यातली बोली, जी माझ्या तोंडात नीट बसायची नाही. मी बोलले की विहिरीवरच्या मुली माझी वाक्यं परत म्हणून दाखवायच्या. मग मी बोलणंच कमी केलं. लोकांना वाटायचं, शिकलेली आहे, गर्व आहे. मला ते चालायचं. गर्वाची आहे असं ठरलं की तुम्हाला कोणी फार विचारत नाही.

कोट अंगाला बसला, आता अंगही जरा भरावं, असं आईच्या मनात आलं. तिने दवाखान्यातून माशाच्या तेलाची मोठी तपकिरी बाटली आणली. रोज सकाळी दोन चमचे, वर कच्चं अंडं. दादा नाक दाबून प्यायचा आणि म्हणायचा, “आई, ज्या माशाचं हे तेल, तो तरी जाड होता का?” पण प्यायचा. ओटीवरच्या खिडकीत ती बाटली उभी असायची आणि दुपारचं ऊन तिच्यातून आलं की भिंतीवर एक तपकिरी डाग पडायचा.

त्या दुपारी मी तो डाग बघत अभ्यास करत होते. आई वाडीत गेली होती. रेजिनाची आत्या सुकेळी घ्यायला आली. आम्ही केळी सुकवून घरीच सुकेळी करायचो आणि लोक घ्यायला यायचे. पण मुलीकडच्या बायका लग्न ठरण्याआधी अशाच कशाचं तरी निमित्त काढून घर बघून जातात, हे मलाही ठाऊक होतं. मी पाणी दिलं. त्या बसल्या. त्यांची नजर भिंतीवरून, कपाटावरून, देवाच्या तसबिरीवरून फिरत खिडकीत थांबली. त्यांनी उठून बाटली हातात घेतली.

“हे तुझा भाव घेतो?”

मी मान हलवली.

असं तेल तेव्हा क्षयाच्या रोग्यांना द्यायचे. त्यांनी आवाज खाली आणला. “पोरी, खरं सांग. छातीचं काय नाय ना त्याला?”

उत्तर माझ्याजवळ होतं. इंग्रजीत ते लगेच आलं, पूर्ण वाक्य, पूर्णविरामासकट. मग मी त्याचं मराठी करायला लागले. ‘तो निरोगी आहे’ हे शाळेच्या पुस्तकासारखं वाटलं. असं म्हटलं तर या हसतील. घरच्या बोलीत शोधायला गेले तर पहिला शब्द सापडला, दुसरा सापडेना. मी शोधत होते आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग त्यांनी बाटली पदराने पुसून होती त्याच जागी ठेवली. सुकेळी घेतली. जाताना माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “असू दे, असू दे.” माझ्या गप्प राहण्यात त्यांना दुःख दिसलं असणार.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की दोष भाषेचा होता. त्यानंतर मी मराठी मन लावून शिकले. बाबांच्या कपाटातली पुस्तकं वाचली, मोठ्याने वाचून जीभ वळवली. आज हे लिहितेय तेही त्याच शिकण्यामुळे. पण मान हलवायला कोणती भाषा लागते? आत्यांच्या आधीच्या प्रश्नाला मी हलवली होतीच. राजोडीला हलवली होती. खरं एवढंच आहे, की कोणीतरी माझ्याकडे बघत होतं, माझ्या बोलण्याची वाट बघत होतं, आणि ते मला सहन होत नव्हतं. ते लवकर संपावं म्हणून मी गप्प बसले. आणि ते लवकर संपलंही.

आठ दिवसांनी निरोप आला की यंदा त्यांच्या मनात नाही. त्याच आठवड्यात कोट तयार झाला. दादा स्वतः जाऊन घेऊन आला. संध्याकाळी कपाटाच्या आरशासमोर एकदा घातला, सरळ उभा राहिला, सगळी बटणं लावली आणि मग एकेक काढली. जुन्या चादरीत गुंडाळून कोट कपाटात टांगला. दोन दिवसांनी राखेचा बुधवार होता. देवळात फादरांनी त्याच्या कपाळाला राख लावली तेव्हा तो वाकला आणि मला वाटतं, त्यानंतर तो पुन्हा पूर्ण सरळ झालाच नाही.

गोष्ट पसरली. पुढच्या हंगामात दोन स्थळं आली आणि गेली. कोणी उघड काही बोललं नाही, फक्त दाराशी आलेली माणसं दादाच्या छातीकडे बघायची. शेवटी त्याने एक्स-रे काढून घेतला. फुप्फुसं स्वच्छ होती. आई ती काळी फिल्म खिडकीतल्या उजेडात धरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, आणि बायका त्यातल्या बरगड्या बघून मान डोलवायच्या. एक दिवस दादाने ती तिच्या हातातून हळूच काढून घेतली. रेजिनाचं लग्न तोवर झालं होतं.

हे कोणी पसरवलं, याचा आईने बराच विचार केला आणि तिला कतरीनमावशी सापडली. मांडवात सगळ्यांसमोर दादाची चेष्टा केली होती ती तिनेच. तिच्याशिवाय कोण? त्या दिवसापासून आमच्या दोन घरांमधली वाट बंद आहे. मावशीने दोनदा वाल पाठवले, आईने परत केले. एकदा कुंपणापलीकडून मावशी मला म्हणाली, “तुझ्या आयला काय झालंय ते तरी सांग.” मी पुस्तकात बघत राहिले.

दादाला मस्कतला नोकरी लागली. जायच्या आधी पुन्हा तपासणी, पुन्हा एक्स-रे, पुन्हा स्वच्छ. तिथून फोटो यायचे. पहिल्या फोटोतच माझ्या लक्षात आलं होतं. ढगळ, मातकट शर्ट, बाह्या हातांच्या पंजावर आलेल्या. जे कपडे चुकीचे आहेत असं त्यानेच मला टेबलावर काढून दाखवलं होतं, नेमके तेच. चार वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा त्यांना त्यांचा तो कोट घालून पुरलं. त्यांना तो किती नीट बसत होता. दादा तेव्हा पोचू शकला नाही.

माझ्या लग्नासाठी तो चाळीस दिवसांच्या रजेवर आलाय. पस्तिशी उलटली, कानांजवळ पांढरं झालंय. आईचा आग्रह होता की तुळिंजला नवी दुकानं झाली आहेत, तिथून तयार सफारी घे, सैलसा, जरा भरल्यासारखा दिसशील. तो मुकाट्याने गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. काल, तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी, दुपारी आई पत्रिकांवर माझ्याकडून नावं घालून घेत बसली होती. कतरीनमावशीची पत्रिका तिने बाजूला काढून ठेवली. “हिला नाही द्यायची,” म्हणाली, आणि पुढचं नाव सांगायला लागली. मी पेन खाली ठेवलं आणि आतल्या खोलीत गेले.

दादाने कपाट उघडलं होतं. खोलीभर डांबरगोळ्यांचा वास होता. चादर पलंगावर पडली होती आणि तो कोट घालून आरशासमोर उभा होता. पेद्रू आता नाही, पण त्याच्या हातची शिवण जागची हललेली नव्हती. खांदा खांद्यावर होता, बाही मनगटावर. सात वर्षांत दादाचं माप बोटभरही बदललं नव्हतं. आजारी माणसाचं माप असं राहत नाही. तो कोट म्हणजे त्या एक्स-रेपेक्षा जास्त पक्का पुरावा होता आणि सात वर्षं आमच्याच कपाटात टांगलेला होता.

“पाठीत ओढ बघ जरा,” तो म्हणाला.

मी मागे जाऊन पाठीतली शिवण सरळ केली. खरखरीत कापडाखाली त्याच्या पाठीची हाडं हाताला लागली. तो थोडा वाकलेलाच होता.

“असाच बरा आहे ना? की सफारीच घेऊ?” आरशातून माझ्याकडे बघत तो हसला. “बघून सांग. दिसतो का आत माणूस?”

बाहेर आई कोणाचं तरी नाव दोनदा म्हणत होती. मी त्याच्या पाठीवरचा हात काढला नाही. या वेळी मी वाक्य जुळवत बसले नाही.

“दादा, रेजिनाच्या आत्यांनी ती बाटली बघून मला विचारलं होतं, तुला छातीचं काही आहे का. कतरीनमावशी नव्हती. मी होते. मी काहीच बोलले नाही.”